पान उजेडाला धरून

रॉडी मॅकिस्सॅक दर मंगळवारी येतो
पावाच्या रिकाम्या पिशवीत तीन-चार पानं घेऊन.
दार वाजवत नाही. पायरीवर बूट आपटतो,
खोकतो, म्हणतो,
"बघ गं एफी, आता हे काय."

मी पान खिडकीच्या काचेला लावते.
एकतीस वर्षं ग्लेस बेच्या इस्पितळात
माणसांच्या छात्या अशाच उजेडाला धरल्या.
सवय जात नाही.
सात बोटांचं पान, करवती कडा,
आणि वास असा
की टपालवाली बाई पाकीट देताना गालात हसते.
कायद्याने चार झाडं. चारच आहेत,
त्याच्या मागच्या पडवीत,
खाऱ्या मांसाच्या धुतलेल्या बादल्यांत.
गुडघ्यांसाठी, म्हणतो.
गुडघे खाली खाणीत राहिले.

"उपाशी आहेत बिचारी."
त्याचं निदान नेहमी हेच.

उपाशी पान सगळंच पिवळं पडतं, रॉडी,
शिरांसकट. आणि आधी म्हातारं,
खालच्या फांदीवरचं,
आपल्यातलं काढून वर शेंड्याला देतं.
इथे बघ, शिरा हिरव्या आहेत, मधलंच फिकं.
नकाशावर नद्या राहाव्यात आणि गावं पुसली जावीत, तसं.
मॅग्नेशियम.
गॅलनभर पाण्यात चमचाभर एप्सम मीठ.
जा.

पुढच्या मंगळवारी गंजाचे ठिपके.
त्याच्या पुढच्या, टोकं जळालेली,
पानं घारीच्या नखांसारखी खाली वळलेली.
काय घातलंस?
गप्प.
काय घातलंस, रॉडी?
"डंकननं बाटल्या पाठवल्यात."

डंकन आल्बर्टात, तेलाच्या वाळूत,
चौदा दिवस काम, सात दिवस झोप.
फोन करायला जमत नाही, खोकी पाठवतो.
एक बाटली वाढीची, एक फुलांची, एक मुळांची,
एकीवर नुसतंच हसणारं झाड.
एकही वाया जाऊ नये
म्हणून बापानं सगळ्या ओतल्या.

मग मीच गेले.
बादलीत बोट खुपसलं. विहिरीचं पाणी कपात घेतलं.
त्या विहिरीखाली जुन्या खाणीचे बोगदे आहेत,
बुडालेले,
आणि त्यांची चव वर येते.
पट्टी बुडवली. नारिंगी झाली.

आंबट आहे, रॉडी. पाणीच आंबट.
मातीत सगळं आहे, ताट भरलेलं आहे,
मुळांची दातखीळ बसली आहे.
तू वाढत राहिलास.

तो बादलीच्या काठावर हात ठेवून उभा.
बराच वेळानं, झाडांकडेच बघत,
"ॲलनची छाती तूच काढली होतीस ना.
त्र्याऐंशी साली."
हो.
"तेव्हाच दिसलं होतं तुला?"

दिसलं होतं.
दोन्ही बाजूंना, वरच्या भागात,
बर्फ भुरभुरायला लागावा तसं.
मी म्हणाले होते, श्वास घ्या. धरा. सोडा.
एवढंच बोलायची मुभा होती मला.
ॲलननं शर्ट घालताना विचारलं,
फोटो चांगला आला का, बाई?
मी म्हटलं, स्पष्ट आलाय.

पडवीत पंखा घरघरत होता.
रॉडीनं नाक पुसलं.
"चुना किती घालू?"

एक चमचा. कप नाही, चमचा.
पिंपात पावसाचं पाणी आहे, ते दे.
बाटल्यांना हात लावू नकोस.
आणि ही खालची पानं आता हिरवी व्हायची नाहीत,
त्यांच्याकडे बघून घाबरू नकोस.
शेंडा बघत जा.

तीन मंगळवार गेले. चौथ्याला बूट वाजले.
पिशवी रिकामी.
"आणण्यासारखं काही नव्हतं,"
म्हणाला, आणि बसला.
चहात दोन साखरा, मग तिसरी.
पिशवी घडी घालून खिशात ठेवली.

"डंकन विचारतोय,
बाटल्यांचा उपयोग झाला का.
काय लिहू?"

लिही, पोचल्या.